दुकानाच्या नावाला कोणतं शेपूट लावायचं?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, आधी सासूबाई बघायच्या, आता त्या स्वतः बघतात. दुकानाच्या नावात 'वऱ्हाडी' हा शब्द आहे. पुण्याहून, मुंबईहून, अगदी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडूनही फोनवर ऑर्डर येतात, म्हणून आता वेबसाइट करायची आहे. डॉट कॉम कोणीतरी आधीच घेऊन ठेवलंय आणि तो दीड लाख मागतोय. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो डॉट ऑनलाइन घ्या, ९९ रुपयांत पडतं. भाचा म्हणतो डॉट एआय, सध्या तेच चालतं. मुलगी म्हणते मराठीतच घे, डॉट भारत. दुकानाची पाटीही नवी करायची आहे, पेंटर पत्ता मागतोय. ताई विचारतात, यातलं काय घेऊ, आणि मुळात या शेवटच्या शब्दांचा उपयोग काय असतो?

ताई, मी २००२ पासून नागपुरात डोमेन, ईमेल आणि वेबसाइटचंच काम करतो. पुस्तकी भाषेत याला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात, विकणारे एक्स्टेन्शन म्हणतात, आमच्या ऑफिसात सगळे शेपूट म्हणतात. पाटीवर शोभून दिसतं म्हणून शेपूट निवडू नका. नागपुरात प्लॉट बघायला गेलो की आपला पहिला प्रश्न काय असतो? 'आरएल आहे का?', म्हणजे प्लॉट अधिकृत असल्याचा सरकारी कागद. भिंतींचा रंग नंतर. डोमेनचंही तसंच आहे. तुमच्या नावाची नोंद कोणाच्या दप्तरात होणार, ते दप्तर कोणाच्या कायद्याखाली चालतं, दरवर्षी पट्टी किती लावतं आणि भांडण झालं तर दाद कुठे मागायची, हे सगळं त्या शेवटच्या दोन-चार अक्षरांवर ठरतं.

आधी वाचायचं कसं ते सांगतो, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो, कॉम्प्युटर तो उजवीकडून सोडवतो. आधी जगाच्या मूळ यादीत विचारतो, 'डॉट इन कोण बघतं?' तिथून डॉट इनच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. त्यांना विचारतो, 'या नावाचं कोण बघतं?' ते तुमच्या होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ज्याच्या कॉम्प्युटरवर तुमची वेबसाइट ठेवली आहे त्याच्याकडे, बोट दाखवतात. म्हणून खरा मालक कळतो तो शेपटाच्या लगेच डावीकडे असलेल्या शब्दावरून. त्याच्याही डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, त्याला कोणी विचारत नाही.

वाहनाच्या दंडाचा मेसेज घ्या. खरा पत्ता 'ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो. आता समजा मेसेजमध्ये आलं 'परिवहन डॉट गव्ह डॉट इन डॉट चलान-पे डॉट एक्सवायझेड'. नजर पहिल्या तीन शब्दांवर जाते, 'गव्ह' दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण शेपूट डॉट एक्सवायझेड आहे, आणि मालक कोणीतरी 'चलान-पे'. सरकारचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मेसेज आला की सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढचे दोन तिरके दांडे सोडून पुढचा पहिला तिरका दांडा येईपर्यंत जायचं आणि तिथून मागे यायचं. माझ्या आईला मी एवढंच शिकवलं आहे, आणि ती आता मला फॉरवर्ड तपासून देते.

आता ही शेपटं आली कुठून. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स या दोन अमेरिकन संशोधकांनी एक छोटासा कागद लिहिला, आरएफसी ९२० नावाचा. त्यात कॉम, एज्यु, गव्ह, मिल, ऑर्ग अशी मोजकी नावं होती, आणि देशांसाठी दोन अक्षरी संकेत वापरायचे असं ठरलं. नेट त्यानंतर लगेच आलं. कॉम म्हणजे कमर्शियल, व्यापारी. नेट हे नेटवर्क चालवणाऱ्यांसाठी. ऑर्ग हे जे कशातच बसत नाहीत अशा संस्थांसाठी. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीने नोंदवलं. त्या काळी इंटरनेट म्हणजे अमेरिकन विद्यापीठं आणि लष्कराचा कारभार होता, म्हणून नुसतं डॉट गव्ह आणि डॉट मिल आजही फक्त अमेरिकेचं आहे. नुसतं डॉट एज्युसुद्धा जवळजवळ पूर्णपणे अमेरिकन कॉलेजांपुरतंच आहे. आपल्याकडचा कोणी एजंट 'तुमच्या क्लासला डॉट एज्यु काढून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कॉम, नेट, ऑर्ग या तिघांच्या दारावर मात्र आज कोणीच उभं नाही. पैसे भरा, नाव घ्या. डॉट ऑर्ग दिसलं की सेवाभावी संस्था, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. देणगी मागणारे भामटे याच समजुतीवर पोट भरतात. संस्था खरी आहे का ते धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीवरून कळतं, शेपटावरून नाही.

डॉट इनची गोष्ट आपल्या जास्त जवळची. हे शेपूट भारताला १९८९ मध्ये मिळालं. सुरुवातीची बरीच वर्षं ते मुंबईच्या जुहूमधल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होतं आणि नियम इतके कडक की कागदपत्रं गोळा करता करता लोक कंटाळून डॉट कॉमकडे वळायचे. मी धंद्यात पडलो तेव्हा गिऱ्हाइकाला डॉट इन सुचवायचीच भीती वाटायची. २००५ च्या सुरुवातीला दार उघडलं, कारभार निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) आला आणि कोणालाही थेट डॉट इन मिळू लागलं. त्याआधी तुम्हाला डॉट को डॉट इन, डॉट नेट डॉट इन असंच काहीतरी दोन मजली घ्यावं लागे. फर्म डॉट इन, जेन डॉट इन, इंड डॉट इन हेही आहेत. वीस-बावीस वर्षांत माझ्याकडे जेन डॉट इन मागणारा एकच माणूस आला, आणि त्यालाही ते चुकून हवं होतं. अलीकडे निक्सीने डॉक्टरांसाठी डीआर डॉट इन, तसंच पीजी डॉट इन अशी बरीच नवी काढली आहेत. घेणारे कमी.

पण याच डॉट इनच्या पोटात काही खोल्या कुलूपबंद आहेत, आणि खरी मजा तिथे आहे. नागपुरातच फिरून बघा. व्हीएनआयटीचा पत्ता एसी डॉट इनने संपतो, आयआयएमचाही. नीरीचा रेस डॉट इनने, कारण ती संशोधन संस्था. मिहानमधल्या एम्सचा एज्यु डॉट इनने. महानगरपालिकेचा गव्ह डॉट इनने. एसी, एज्यु आणि रेस या तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या अर्नेट इंडिया या शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहेत, ते संस्थेची कागदपत्रं बघितल्याशिवाय नाव देत नाहीत. गव्ह डॉट इनची किल्ली एनआयसीकडे, म्हणजे सरकारची कॉम्प्युटरची कामं बघणाऱ्या संस्थेकडे. गल्लीतल्या कोचिंग क्लासला एसी डॉट इन मिळत नाही, म्हणून त्या शेपटाला वजन आहे.

इथे एक घोळ मात्र नीट समजून घ्या. शेवटी गव्ह डॉट इन असेल तर ते सरकारी, हे बरोबर. पण सरकारी असेल तर गव्ह डॉट इनच असणार, हे चूक. रेल्वेची तिकिटं देणारी आयआरसीटीसी को डॉट इनवर आहे. आपल्या विजेच्या बिलाचं महाडिस्कॉम साध्या डॉट इनवर आहे. म्हणून 'आज रात्री वीज कापू' असे मेसेज धाडणाऱ्यांचं फावतं. डॉट इन तर कोणालाही मिळतं, मग महाडिस्कॉमच्या पुढे-मागे एक आडवी रेघ आणि 'बिल' जोडून नाव घ्यायला किती वेळ लागतो? तिथे शेपूट पुरत नाही, पूर्ण नाव अक्षर-अक्षर बघावं लागतं. या संस्था कुलूपबंद खोलीत गेल्या असत्या तर लोकांचा निम्मा त्रास वाचला असता, असं माझं मत आहे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने नेमकं हेच केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँक डॉट इन जाहीर केलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे हलायला सांगितलं. ही नावं देणारी संस्था एकच, हैदराबादची आयडीआरबीटी. नागरी सहकारी बँकासुद्धा यात आल्या, म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरची छोटी बँकही. गंमत अशी की स्टेट बँकेकडे स्वतःच्या नावाचं शेपूट होतं, डॉट एसबीआय. त्यासाठी केवढा खटाटोप आणि खर्च असतो ते पुढे सांगतो. एवढं करूनही तीही आता बँक डॉट इनच्या ओळीत येऊन बसली. तुमच्या फोनमध्ये बँकेचा जुना पत्ता सेव्ह असेल तर एकदा बदलून टाका.

आता तुमच्या भाच्याकडे येतो. डॉट एआय म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स नाही. एआय हा अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचा देश-संकेत आहे. जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं बेट, आपल्या एखाद्या प्रभागात मावेल. १९९० च्या दशकात त्यांच्या वाट्याला ही दोन अक्षरं आली आणि २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर त्यांचं नशीब फळफळलं. २०२३ मध्ये त्या सरकारच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा नुसत्या या शेपटाच्या विक्रीतून आला. तुवालू नावाच्या प्रशांत महासागरातल्या बेटाचं डॉट टीव्ही, मॉन्टेनेग्रोचं डॉट एमई, कोलंबियाचं डॉट सीओ, मायक्रोनेशियाचं रेडिओवाल्यांनी उचललेलं डॉट एफएम, ही सगळी त्याच जातीची. त्यांचं नशीब, आपलं काही म्हणणं नाही. पण नोंद परक्या देशाच्या दप्तरात होते, हे लक्षात ठेवून घ्यावं. लिबियाच्या डॉट एलवायवर २०१० मध्ये एका अमेरिकन सेवेचं नाव तिथल्या नोंदणी संस्थेने काढून घेतलं, कारण मजकूर स्थानिक कायद्यात बसत नाही म्हणे. युगोस्लाव्हिया हा देशच राहिला नाही, तर त्याचं डॉट वाययू २०१० मध्ये बंद झालं. सॉफ्टवेअरवाल्यांचं लाडकं डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं. ती बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्यापासून त्या शेपटाचं पुढे काय, यावर आमच्या लोकांत रोज गप्पा रंगतात. शिवाय डॉट एआय कमीत कमी दोन वर्षांसाठीच मिळतं आणि दोन वर्षांचे मिळून आपल्याकडे बारा-पंधरा हजारांच्या घरात जातात. मसाल्याच्या दुकानाला हे कशाला? भाच्याला सांगा, तुझी कंपनी काढशील तेव्हा घे.

९९ रुपयांचं प्रकरण वेगळं आहे. २०११ मध्ये आयकॅन या, जगभरच्या शेपटांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने नवी शेपटं काढायला परवानगी द्यायचं ठरवलं. २०१२ मध्ये अर्ज मागवले, एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर. तरी १,९३० अर्ज आले. त्यातून डॉट ऑनलाइन, डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट अ‍ॅप, डॉट एक्सवायझेड असे शेकडो निघाले, आणि कंपन्यांची खाजगी शेपटंही निघाली, जसं डॉट टाटा. एवढा पैसा घातलेल्या माणसाला तो वसूल करायचा असतो. म्हणून पहिलं वर्ष फुकटासारखं, आणि दुसऱ्या वर्षीपासून अडीच-तीन हजार. तुमच्या वेबसाइटवाल्या मुलाने ९९ सांगितलं ते खोटं नाही, पण त्याला दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा. विकणाऱ्याच्या पानावर तो असतो, बारीक अक्षरांत, खाली. डॉट कॉम किंवा डॉट इनचा नूतनीकरणाचा भाव साधारण सातशे ते दीड हजारांत राहतो आणि अचानक उडी मारत नाही.

नवी शेपटं वाईट असतात असं नाही. डॉट अ‍ॅप, डॉट डेव्ह फार चांगली आहेत, तिथे वेबसाइट सुरक्षित कुलपाशिवाय उघडतच नाही. गुगलमध्येही नव्या शेपटाला कमी लेखत नाहीत. अडचण माणसांची आणि जुन्या फॉर्मची असते. स्वस्त शेपटांवर ठगांची गर्दी जास्त, त्यामुळे तिथून गेलेली मेल स्पॅममध्ये पडण्याचं प्रमाण मी तरी जास्त पाहिलं आहे. आणि काही जुन्या पोर्टलचे फॉर्म दोन-तीन अक्षरांपेक्षा लांब शेपूट असलेला ईमेल पत्ता घेतच नाहीत, 'अयोग्य ईमेल' म्हणून लाल अक्षरं येतात. पुरवठादार म्हणून कुठे नोंदणी करायची असेल आणि तिथे असं झालं, तर कोणाच्या नावाने बोटं मोडणार?

फुकटाबद्दल एक वाक्य. टोकेलाऊचं डॉट टीके आणि आफ्रिकेतल्या काही देशांची शेपटं वर्षानुवर्षं मोफत मिळायची, विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट त्यावरच उभे असायचे. २०२३ मध्ये ती वाटणाऱ्या फ्रीनॉमने नवी नोंदणी थांबवली आणि पुढे धंदाच गुंडाळला.

मुलीची सूचना मला मनापासून आवडली, आणि तिथेच सर्वात जास्त थांबावं लागेल. डॉट भारत देवनागरीत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली अशा आठ भाषांसाठी एकच. म्हणजे पत्ता पूर्ण मराठी अक्षरांत. पण आतली यंत्रणा अजूनही जुन्या रोमन अक्षरांवरच चालते, त्यामुळे 'भारत' हा शब्द तारेतून जाताना 'एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी' असा होऊन जातो. ब्राउझर पुन्हा त्याचं 'भारत' करून दाखवतो. सगळीकडे करत नाही. काही अ‍ॅपमध्ये, काही मेलमध्ये तो रोमन गोंधळच दिसतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं व्हायरस आला.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो 'वऱ्हाडी' या शब्दातच आहे. माझ्याकडे याच शब्दाचं एक गिऱ्हाईक आलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या फोनवर लिहून मला पाठवा. मग मी माझ्या कॉम्प्युटरवर लिहिलं. दोन्ही स्क्रीनवर एकाखाली एक ठेवले, डोळ्याला तिळमात्र फरक नाही. कॉम्प्युटरला विचारलं, दोन्ही सारखे का? तो म्हणाला, नाही. कारण तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त, पुढे ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, पुढे ह. कोणता कीबोर्ड कोणती तऱ्हा वापरेल याचा नेम नाही. दिसायला एक, नोंदीच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. गिऱ्हाइकाने बरोबर शब्द टाइप करूनही वेबसाइट उघडत नाही असं होऊ शकतं. तो माणूस दोन्ही स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'म्हणजे राजेहो, माझ्याच नावाचा जुळा भाऊ निघाला!'

म्हणून डॉट भारत घ्या, पण दुसरं नाव म्हणून. ते तुमच्या मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवायचं, आणि पाकिटावर क्यूआर कोड छापायचा. स्कॅन करणाऱ्याला टाइप करावं लागत नाही, ऱ कोणताही असो. ईमेल मात्र मराठी पत्त्यावर इतक्यात ठेवू नका. जाणारी मेल आणि येणारी मेल, दोन्ही टोकांच्या यंत्रणेने तो पत्ता स्वीकारावा लागतो, आणि सगळ्या स्वीकारत नाहीत. मराठी अक्षरांतलं डॉट कॉम, म्हणजे 'कॉम' हे शेपूटही निघालेलं आहे, पण त्याचा मालक तोच, इंग्रजी कॉमवाला, आणि अडचणीही त्याच.

आता रोमन अक्षरांतलं नाव. मी गिऱ्हाइकाला नाव ठरवायला बसवतो तेव्हा एक परीक्षा घेतो. त्यांना आतल्या खोलीत पाठवायचं, तिथून त्यांनी बाहेरच्या पोराला फोन लावून आपला पत्ता सांगायचा, स्पेलिंग न सांगता. पोराने कागदावर लिहायचं. 'वऱ्हाडी' सांगितल्यावर माझ्याकडच्या पाच जणांनी पाच प्रकारे लिहिलं होतं. एकाने सुरुवात व्हीने केली, दुसऱ्याने डब्ल्यूने. एकाने 'एच' हे अक्षर 'आर'च्या आधी घातलं, एकाने नंतर, एकाने घातलंच नाही. आणि 'डॉट को डॉट इन' ऐकून दोघांनी चक्क 'डॉट कॉम डॉट इन' लिहिलं. फोनवर 'को' आणि 'कॉम' यात ओठ मिटण्याएवढाच फरक आहे, आणि कॉटन मार्केट चौकातल्या हॉर्नमध्ये तोही ऐकू येत नाही. तुमच्या निम्म्या ऑर्डर फोनवर येतात, म्हणून ही परीक्षा तुम्ही घरी आजच घ्या. दोन स्पेलिंगं लोक सारखीच लिहीत असतील, तर दोन्ही घेऊन ठेवा, एक दुसऱ्याकडे वळवा. वर्षाला हजार रुपये जातील. जाऊ द्या.

दीड लाखाच्या डॉट कॉमचं काय? देऊ नका. कायद्याचं दार नाही असं नाही. डोमेनच्या नावालाही व्यापारी नावाचं संरक्षण मिळू शकतं, हे आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केलं आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' आणि एका अक्षराने वेगळं असलेलं 'रॅडिफ' हा वाद गाजला होता आणि रेडिफच्या बाजूने निकाल लागला. २००४ मध्ये 'सिफी' आणि 'सिफ्फी'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच तत्त्व उचलून धरलं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी नावाची तक्रार पद्धत आहे, डॉट इनसाठी निक्सीची आयएनडीआरपी. पण यूडीआरपीमध्ये जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) नुसती फीच १,५०० डॉलरपासून सुरू होते, वकील वेगळा. आणि तुम्हाला सिद्ध करावं लागतं की नावावर तुमचा हक्क आहे, समोरच्याचा नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं. 'वऱ्हाडी' आणि 'मसाला' हे दोन्ही शब्द सगळ्या विदर्भाचे. तो म्हणेल, मीही अमरावतीत मसाले विकणार आहे. तेव्हा तो पैसा ट्रेडमार्कच्या अर्जात घाला, लोगोसकट. आज डॉट कॉम मिळणार नाही, पण उद्या तुमच्या नावाच्या आसपास कोणी दुकान मांडलं तर हातात कागद असेल.

शेवटी एक गोष्ट, जी शेपटापेक्षाही जास्त घरं बुडवते, आणि ती माझीच चूक आहे. २०११ च्या दिवाळीआधी इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याचा सकाळी सातला फोन. 'काहून बंद आहे भाऊ वेबसाइट?' उघडून बघितलं तर त्यांच्या साड्यांच्या जागी कुठल्याशा कर्जाच्या जाहिराती. सुरतेच्या पुरवठादारांची मेल परत जात होती, बिलं अडकली होती. झालं असं की डोमेन मी माझ्या खात्यावर, माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर घेतलं होतं. त्या वेळी सगळे तसंच करायचे, गिऱ्हाइकाला कटकट नको म्हणून. माझं कार्ड बदललं, आपोआप नूतनीकरण फसलं, आणि सूचना येत होत्या त्या माझ्या जुन्या ईमेलवर, जो मी उघडतच नव्हतो. मुदत संपल्यावर साधारण महिनाभर नेहमीच्या भावात सोडवता येतं, त्यानंतर तीस दिवस दंड भरून, मग पाच दिवसांनी नाव बाजारात मोकळं. आम्ही दंडाच्या तीस दिवसांत होतो. मी खिशातून भरले. तो माणूस मला एक शब्दही उणा बोलला नाही, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

तेव्हा तुमच्या वेबसाइटवाल्या मुलाला वेबसाइट करू द्या, पण डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या पैशाने. त्यात 'रजिस्ट्रंट' असं एक खानं असतं, तिथे तुमचं किंवा फर्मचं नाव हवं. तो म्हणेल, 'माझ्याकडे बल्कमध्ये स्वस्त पडतं.' पडू द्या. डॉट इनसाठी आता ओळखीचे कागदही मागतात, ते तुमचेच द्या, आणि नाव लपवणारी सेवा डॉट इनवर चालत नाही, म्हणून कोणी तिचे पैसे लावले तर काढायला सांगा. दोन-तीन वर्षांचं एकदम भरून टाका, आणि मुदतीची तारीख देवघरातल्या कॅलेंडरवर लिहा. ईमेलच्या सूचना कोण वाचतं?

माझ्या मते तुमची खरेदी अशी असावी. मुख्य पत्ता डॉट इन, एक मजली, को वगैरे नको, मध्ये आडवी रेघ नको. परीक्षेत निघेल ते दुसरं स्पेलिंग, तेही डॉट इनच. मराठीत डॉट भारत. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना डॉट इन खटकेल का, असं मनात येईल. ते नागपूरचा मसाला मागवतात, पत्ता भारतातला दिसला तर त्यांना बरंच वाटेल. वर्षाला सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसेल.

आणि पेंटरला अजून फोन करू नका. खातं उघडा, पैसे भरा, पावतीवर तुमचं नाव आलं का बघा, मेलवर आलेल्या पुष्टीच्या लिंकवर क्लिक करा. डॉट कॉमसारख्या शेपटांना ते पंधरा दिवसांत केलं नाही तर चालू डोमेनही बंद करतात, म्हणून सवयच लावून घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या फोनवर पत्ता टाइप करून बघा. उघडला की मग पाटी रंगवायला द्या.